मोठी दुरुस्ती लागणारं जुनं घर घेताना गृहकर्ज कसं बसवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुणे महापालिका हद्दीत ४८ वर्षं जुनं बैठं घर घ्यायचं आहे. भूखंड ११६० चौरस फूट, बांधकाम १००० चौरस फूट. विटांच्या भारवाही (छताचं वजन पेलणाऱ्या) भिंती, पुढच्या भागावर स्लॅब, मागच्या भागावर मंगलोरी कौलं. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्यात, वायरिंग बदलायला लागेल, ड्रेनेज तुंबतं. मालक ६० लाख सांगतो, कंत्राटदार दुरुस्तीचे १२ लाख सांगतो. बँक अशा घरावर कर्ज देईल का, आणि दुरुस्तीचे पैसे त्यात बसतील का?

बँक कर्ज देते. पण ती घर आज जसं उभं आहे त्यावर देते, दुरुस्तीनंतर ते कसं दिसेल यावर नाही. बहुतेक व्यवहार इथेच फसतात. घेणारा मनात नवं घर धरून हिशेब करतो, विसार देऊन मोकळा होतो आणि मग बँकेचा व्हॅल्युअर येऊन जुनं घर मोजून जातो. म्हणून पहिली गोष्ट: विसाराचा आकडा ठरण्याआधी व्हॅल्युअरची भेट आणि दुरुस्तीचं कलमवार अंदाजपत्रक या दोन गोष्टी हातात हव्यात. पुढचं सगळं या क्रमावर उभं आहे.

व्हॅल्युअर काय मोजतो ते आधी बघा. स्वतंत्र घराला तो जमीन आणि बांधकाम वेगवेगळं धरतो. समजा त्या भागात जमिनीचा दर ४००० रुपये चौरस फूट आहे, तर ११६० फुटांचे ४६.४ लाख झाले. तशाच प्रकारचं १००० फूट बांधकाम आज नव्यानं करायला २००० रुपये दरानं २० लाख लागतील असं तो धरतो आणि त्यातून घसारा काढतो. रूढ पद्धत अशी की इमारतीचं एकूण आयुष्य ६० वर्षं, शेवटी १० टक्के भंगारमूल्य उरतं, म्हणजे ६० वर्षांत ९० टक्के किंमत झिजते. ४८ वर्षांत ७२ टक्के झिजली, उरली २८ टक्के, म्हणजे ५.६ लाख. बेरीज ५२ लाख. मालक ६० मागतोय आणि ते देण्याची तुमची तयारीही असेल, पण बँक करारातली किंमत आणि मूल्यांकन यांतली कमी रक्कम धरते. तुमच्यासाठी घर ६० लाखांचं असलं तरी बँकेच्या कागदावर ते ५२ लाखांचं आहे.

आता रिझर्व्ह बँकेची मर्यादा लावा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मालमत्तेच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत धरता येत नाही; घराची किंमत १० लाखांपर्यंत असेल तरच तशी सवलत आहे, ती इथे लागू नाही. ५२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ४१.६ लाख. उरलेले १८.४ लाख तुमच्या खिशातून. मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत अधिभार धरून ७ टक्के म्हणजे ४.२ लाख, रेडी रेकनरचं (सरकारी दरतक्त्याचं) मूल्य करारापेक्षा जास्त निघालं तर शुल्क त्यावर लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. खरेदी फक्त स्त्रीच्या नावानं असेल तर शुल्कात १ टक्का सूट आहे, इथे ६० हजार वाचतात. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यानं १ टक्का टीडीएस कापून तुम्हालाच भरायचा आहे. तो मालकाच्या पैशातून जातो, तुमच्यावर वेगळा बोजा नाही, पण कापायचा राहिला तर व्याज आणि दंड तुमच्या नावावर पडतो.

आता दुरुस्ती. कंत्राटदाराचे १२ लाख हा शेवटचा आकडा नसतो. तो जीएसटीत नोंदणीकृत असेल तर साहित्यासह कामावर १८ टक्के, म्हणजे १४.१६ लाख. जुन्या घरात प्लास्टर काढल्यावर काहीतरी निघतंच, त्यासाठी निदान १५ टक्के राखीव, म्हणजे आणखी २.१ लाख. झाले १६.३ लाख. बँक राखीव रकमेवर कर्ज देत नाही. अंदाजपत्रकातल्या १४.१६ लाखांचे ८० टक्के धरले तर ११.३ लाख मिळतील, बाकी ५ लाख तुमचे. दोन्ही कर्जांच्या गहाणखतावरचं शुल्क ०.३ टक्के म्हणजे १६ हजारांच्या आसपास, आणि प्रक्रिया शुल्क, वकील, व्हॅल्युअर मिळून ५० हजार धरा.

सगळी बेरीज केली तर स्वतःचे साडेअठ्ठावीस लाख लागतात. ६० लाखांच्या घराला २० टक्के म्हणजे १२ लाख जमवले की झालं, असं समजून निघालेल्या माणसाला साडेसोळा लाखांचा खड्डा दिसतो. तो भरायला वैयक्तिक कर्ज काढलं तर त्याचा हप्ता पगारातून आधी वजा होतो, गृहकर्जाची पात्रता घटते आणि खड्डा आणखी रुंद होतो. करारात किंमत फुगवून दाखवायचा सल्लाही कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. फुगवलेल्या रकमेवर मुद्रांक शुल्क वाढतं, मालकाचा भांडवली नफा वाढतो, बँक मूल्यांकनच धरत असल्यानं कर्ज वाढत नाही, आणि वर बँकेला खोटा दस्त दिल्याची जबाबदारी तुमच्या सहीवर राहते.

मुदतीचा अडथळा

याकडे फार थोडे लोक आधी बघतात. अहवालात ‘उर्वरित आयुष्य’ असा एक रकाना असतो. ६० वर्षांतून ४८ गेली, व्हॅल्युअरनं तिथे १२ वर्षं लिहिलं की बँक मुदत त्याच्या आत आणते, बहुधा १० वर्षांवर. ४१.६ लाखांना ८.५ टक्के दर धरला तर २० वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे ३६,१०० येतो, १० वर्षांना ५१,६००. पगार तोच, घर तेच, एका रकान्यामुळे महिन्याला साडेपंधरा हजारांचा फरक. कित्येकांचं कर्ज नाकारलं जातं ते घर वाईट म्हणून नाही, आखूड मुदतीचा हप्ता पगारात बसत नाही म्हणून.

यावर उपाय आहे, पण तो व्हॅल्युअर यायच्या आधी करायचा असतो. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या आणि अहवालात तीन गोष्टी स्पष्ट मागा: आजची स्थिती काय, कोणती दुरुस्ती कुठे आणि किती मापाची लागेल, आणि ती केल्यावर इमारत किती वर्षं वापरायला योग्य राहील. ‘दुरुस्तीयोग्य, नमूद दुरुस्तीनंतर किमान २५ वर्षे’ असं सहीशिक्क्यानं लिहिलेलं असेल तर पॅनेलवरच्या व्हॅल्युअरला त्याचा आधार घेता येतो. तो घेईलच असं नाही. एका बँकेचा व्हॅल्युअर फक्त वय बघतो, दुसऱ्याचा स्थिती बघतो. त्यामुळे अर्ज करण्याआधी शाखेत थेट विचारा: जुन्या भारवाही बांधकामाला तुमच्याकडे वयाची मर्यादा किती, आणि मुदत उर्वरित आयुष्याच्या किती वर्षं आत ठेवता? उत्तर गुळमुळीत आलं तर प्रक्रिया शुल्क भरू नका.

तपासणी म्हणजे नुसती नजर फिरवणं नव्हे. स्लॅबला अल्ट्रासॉनिक चाचणी करतात. काँक्रीटमधून लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली आला तर संशय. हाफ-सेल चाचणीत आकडा उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेला की सळी गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. रिबाउंड हॅमर (पृष्ठभागावर ठोकून कडकपणा मोजणारं यंत्र) एकटा पुरेसा नाही, जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होत जातो आणि आकडे उगाच चांगले येतात. विटांच्या भिंतीला या चाचण्यांचा उपयोग नाही. तिथे तडे बघायचे. दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली, वर रुंद आणि खाली निमुळती तड पाया खचल्याची शंका दाखवते. तडेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी आडवी लावून त्यावर तारीख लिहा. महिन्याभरात पट्टी चिरली तर तड अजून चालू आहे.

इंजिनिअर येईपर्यंत दोन गोष्टी तुम्ही स्वतः करू शकता. हातोडीच्या दांड्यानं स्लॅबच्या खालच्या बाजूला ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, चिकटलेलं आहे, बद्द आवाज आला तर सळी फुगून कव्हर सुटलंय. खडूनं त्या जागा आखून ठेवा, एकूण क्षेत्रफळाचा अंदाज तिथेच येतो. आणि कौलारू भागात वासा भिंतीत जिथे शिरतो तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. वासा मधोमध टणटणीत असतो आणि भिंतीतलं टोक भुसा झालेलं असतं, कारण ओल आणि वाळवी दोन्ही तिथूनच येतात. टोक आत गेलं तर तो वासा बदलण्यात धरा.

कर्जाचा प्रकार

एकाच कर्जात दोन्ही बसेल का, याचं खरं उत्तर: एकाच बँकेत, एकाच वेळी मंजूर झालेली दोन खाती. पहिलं खरेदीचं गृहकर्ज, दुसरं गृहसुधारणा कर्ज. दोन वेगळ्या बँका घेऊ नका. घर पहिल्या बँकेकडे गहाण असतं, दुसरीला त्याच घरावर बोजा चढवायला पहिलीची संमती लागते आणि व्यवहारात ती मिळत नाही. ‘आधी खरेदी करा, दुरुस्तीचं टॉप-अप (चालू कर्जावरचं वाढीव कर्ज) नंतर देऊ’ असं शाखेत तोंडी सांगतील. टॉप-अपला बऱ्याच ठिकाणी काही महिने नियमित हप्ते भरल्याची अट असते, आणि तेव्हाही पुन्हा त्याच पडक्या घराचं मूल्यांकन होतं. ५२ लाखांवर ८० टक्के आधीच उचललेत, टॉप-अपला जागाच उरत नाही. म्हणून मंजुरीपत्रात दोन्ही रकमा, दोन्ही दर आणि दोन्ही मुदती छापलेल्या असल्याशिवाय विसाराची पुढची रक्कम देऊ नका.

सुधारणा कर्जाचा दर गृहकर्जाइतका किंवा थोडा वर, मुदत लहान. ११.३ लाखांना ९ टक्के धरून १० वर्षांना हप्ता १४,३०० येतो, १५ वर्षांना ११,५००. खरेदीच्या २० वर्षांच्या हप्त्यासकट महिना ४८ ते ५० हजार. बँका सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास धरतात, म्हणजे एक लाखाचा पगार हवा. शिवाय काम चालू असेपर्यंत तुम्ही भाड्यानंच राहणार. ते भाडं बँकेच्या हिशेबात कमी दिसतं, तुमच्या हिशेबात पूर्ण असतं.

व्यापारी बँकांची बदलत्या दराची गृहकर्जं १ ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाह्य दराशी जोडलेली आहेत, गृहवित्त कंपन्यांवर तशी सक्ती नाही. जुन्या घरांना गृहवित्त कंपन्या आणि नागरी सहकारी बँका जास्त मोकळ्या मनानं बघतात हे खरं, पण पुढे दर खाली आले तर ते आपोआप तुमच्यापर्यंत पोचतील का, ते करारात वाचून घ्या. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे दोन वर्षांनी घर उभं राहिल्यावर कर्ज स्वस्त बँकेकडे हलवायचा रस्ता उघडा असतो.

तपासणीत घर ‘सी-१’ वर्गात निघालं, म्हणजे धोकादायक, रिकामं करून पाडण्याजोगं, तर गृहकर्ज विसरा. मग तो भूखंडाचा व्यवहार आहे आणि कर्ज ‘भूखंड अधिक बांधकाम’ प्रकारचं मागायचं, मंजूर नकाशासह. ‘सी-२ए’ आणि ‘सी-२बी’ या वर्गांत संरचनात्मक दुरुस्ती येते, पहिल्यात अंशतः पाडून किंवा रिकामं करून, दुसऱ्यात राहत्या घरात. आपल्या घरासारखी घरं बहुधा इथेच बसतात.

आणि ‘इतका खर्च करायचा तर पाडूनच बांधू’ हा विचार पक्का करण्याआधी विकास आराखड्याचा अभिप्राय काढा. पाडलं की आजचे नियम लागतात: रस्ता रुंदीकरणाची रेषा, समोरचं आणि बाजूचं सामासिक अंतर. ११६० फुटांच्या भूखंडावर आज १००० फूट तळमजला उभा आहे. पाडल्यावर तेवढा तळमजला परत मिळत नाही. भिंती जागेवर ठेवून केलेली दुरुस्ती लहान भूखंडावर म्हणूनच मोलाची असते. गिलावा, फरशी, रंग, त्याच जागी दारं-खिडक्या बदलणं याला बांधकाम परवानगी लागत नाही. भारवाही भिंत काढून हॉल मोठा करणं, कौलांच्या जागी स्लॅब टाकणं, खोली वाढवणं याला लागते. घर वारसा यादीत असेल तर बाहेरून हात लावण्याआधी वारसा समितीचा रस्ता. अंदाजपत्रकात परवानगी लागणारं एकही कलम असेल तर बँकेचा इंजिनिअर नकाशा मागणारच.

कागद

जुन्या घराचं कर्ज वकिलाच्या टेबलावर अडकतं तेवढं दुसरीकडे कुठेच अडकत नाही. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, फेरफार, आणि सर्वसाधारणपणे ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट. पत्रकावर आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद आधी. बहिणींची नावं लागली आहेत का ते बघा. त्यांचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं, स्टॅम्प पेपरवरचं संमतिपत्र चालत नाही. जमीन भोगवटादार वर्ग-२ (सरकारनं अटींवर दिलेली) असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा ‘इतर हक्कां’त तसाच पडलेला असतो, मालकानं बँकेचा दाखला देऊन तो कमी करून घ्यावा, त्याला काही आठवडे जातात. सेरसाईच्या, म्हणजे गहाण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतही शोध घ्या. एखाद्या खोलीत जुना भाडेकरू असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं संरक्षण त्याला आहे आणि बँक अशा घरापासून लांब राहते. ‘खरेदीनंतर काढून देतो’ हे आश्वासन कागदावरही घेऊ नका. रिकामा ताबा मिळाल्यावरच खरेदीखत.

मूळ मंजूर नकाशा मालकाकडे बहुधा नसतो. महापालिकेच्या बांधकाम खात्यातून प्रमाणित प्रत मागा, माहिती अधिकारातही मिळते. नकाशात ८०० फूट आणि जागेवर १००० फूट असं निघालं तर वरच्या २०० फुटांचं मूल्य व्हॅल्युअर धरत नाही. मिळकत कराची पावती दाखवून उपयोग नाही. कर अनधिकृत बांधकामावरही आकारला जातो आणि तो भरल्यानं बांधकाम अधिकृत होत नाही. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात, तोही कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. स्वामित्व योजनेत मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर काम सोपं होतं.

विसार पावतीत एक कलम घालायचं, शब्द साधारण असे: ‘खरेदी घेणार यांस बँकेचा कायदेशीर वा तांत्रिक अहवाल प्रतिकूल आल्यास, अगर मूल्यांकन अमुक रकमेपेक्षा कमी आल्यास, विसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत विनाकपात परत करणेची आहे.’ मुदत किमान ६० दिवस. मालक हे कलम मान्य करायला तयार नसेल तर विसार इतका लहान ठेवा की गेला तरी कंबर मोडणार नाही. आणि ५२ लाखांचा अहवाल हातात असला की ६० लाखांवर बोलायला तुमच्याकडे आधार असतो. मालकाच्या पुढच्या ग्राहकालाही बँक हेच सांगणार आहे, हे त्याला शांतपणे दाखवा.

अंदाजपत्रक आणि पैसे सुटण्याचा क्रम

‘संपूर्ण दुरुस्ती, १२ लाख’ असं कोटेशन बँक परत पाठवते. नोंदणीकृत आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांकासह, प्रत्येक कलमाचं माप, एकक आणि दर हवा: स्लॅबचं सुटलेलं काँक्रीट काढून पॉलिमर मॉर्टरची दुरुस्ती इतके चौरस फूट, गिलावा इतके ब्रास, वासे इतके नग, ड्रेनेज लाइन इतके मीटर. सुटं फर्निचर, एसी, पडदे यांना सुधारणा कर्ज मिळत नाही, ते यादीत घुसवलं की पूर्ण अंदाजपत्रकावर शंका येते. स्लॅबच्या कलमात सळ्यांची वेगळी तरतूद ठेवा. गंज घासून काढल्यावर सळी बरीच झिजलेली निघाली तर शेजारी नवी सळी जोडावी लागते, आणि हे कव्हर काढल्याशिवाय कळत नाही. वाढीव खर्च इथूनच सुरू होतो.

रक्कम एकरकमी मिळत नाही. कामाच्या टप्प्याप्रमाणे बँक पैसे सोडते आणि तुमचं मार्जिन, म्हणजे स्वतःचा हिस्सा, आधी वापरलेलं दिसायला हवं. समजा सुधारणा कर्ज तीन हप्त्यांत सुटणार आहे. पहिल्या टप्प्याचं काम झालं, बँकेचा इंजिनिअर आला, अहवाल गेला, रक्कम खात्यावर पडली, यात दोन ते तीन आठवडे सहज जातात. कंत्राटदार मात्र दर शनिवारी मजुरीला पैसे मागतो. म्हणून कामाच्या एकूण रकमेच्या पाव हिस्सा, आपल्या हिशेबात साडेतीन लाख, रोख हाताशी हवा. तो नसेल तर काम मधेच थांबतं, कंत्राटदार माणसं दुसऱ्या साइटवर नेतो आणि उघडा स्लॅब तसाच राहतो. कंत्राटदाराशी करार करताना त्याचे टप्पे बँकेच्या टप्प्यांशी जुळवून घ्या. पैसे खात्यातूनच द्या आणि बिलं जपा. बँकेला दाखवायला लागतात, आणि पुढे घर विकताना सुधारणेचा खर्च भांडवली नफ्याच्या हिशेबात धरता येतो.

कामाचा क्रमही बँकेच्या दृष्टीनं महत्त्वाचा. आधी छप्पर आणि पाणी, मग संरचना, ड्रेनेज, वायरिंग, गिलावा, शेवटी फरशी आणि रंग. पहिल्या हप्त्याच्या भेटीत इंजिनिअरला नवी फरशी दिसली आणि वर सळ्या तशाच लोंबताना दिसल्या तर तो पुढचा हप्ता अडवतो, आणि त्याचं बरोबर असतं. मागच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतील तर त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत ३०० मिलिमीटर अंतरानं छिद्रं पाडून औषध भरतात. ते फरशी टाकण्याआधी उरकायचं, नंतर केलं तर नवी फरशी फोडावी लागते.

करसवलतीबद्दल दोन ओळी. जुन्या करपद्धतीत स्वतः राहण्याच्या घराला खरेदीकर्जाच्या व्याजाची २ लाखांपर्यंत वजावट आहे, दुरुस्तीकर्जाच्या व्याजाची ३० हजार, आणि तीही त्या २ लाखांच्या आतच. ४१.६ लाखांचं पहिल्या वर्षीचं व्याजच साडेतीन लाखांच्या घरात जातं, त्यामुळे दुरुस्तीकर्जातून जास्तीचं काही मिळत नाही. दुरुस्तीच्या मुद्दलाला वजावट नाही. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. सवलतीच्या आशेनं मुदत वाढवू नका.

फ्लॅटचं गणित वेगळं: संरचनात्मक दुरुस्ती सोसायटीची, बँक सोसायटीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल मागते, आणि सुधारणा कर्ज फक्त तुमच्या दाराच्या आतल्या कामाला.

आता वेळापत्रक. कागद आणि मंजुरीला दोन ते तीन महिने धरा, खरेदीखत, मग काम चार ते पाच महिने. छप्पर आणि स्लॅब दसरा-दिवाळीच्या सुमारास उघडलं तर पावसाळ्याआधी घर बंद होतं. मंजुरी एप्रिलमध्ये आली म्हणून मे महिन्यात कौलं उतरवणं हा सगळ्यात महागात पडणारा निर्णय आहे. जूनमध्ये ताडपत्रीखाली भिंती भिजतात आणि अंदाजपत्रक पुन्हा करावं लागतं. अशा वेळी खरेदी पूर्ण करा, आतली मोजमापं, परवानग्या, ड्रेनेजची आखणी उरका आणि छप्पर ऑक्टोबरला उघडा. सुधारणा कर्जाची पहिली उचल किती महिन्यांत करायची ही मुदत मंजुरीपत्रात असते. ती आधीच वाढवून मागा, उलटून गेल्यावर नवा अर्ज आणि नवं शुल्क.

घराचा विमा उतरवताना रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चाची घ्या, ६० लाखांची नाही. जमीन जळत नाही. दुरुस्ती पूर्ण झाली की विम्याची रक्कम वाढवून घ्या आणि त्याच आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्थिरता प्रमाणपत्र घेऊन एक प्रत बँकेच्या फाइलला लावा. महापालिका ३० वर्षांवरच्या इमारतींना हे प्रमाणपत्र मागू शकते, आणि कर्ज दुसरीकडे हलवायची वेळ आली तर नव्या व्हॅल्युअरला उर्वरित आयुष्याच्या रकान्यात १२ पेक्षा मोठा आकडा लिहायला कागदाचा आधार मिळतो.